वावडी आणि वावड्या

हिंगोलीपासून जवळच, कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने ते ओळखले जाते आणि वारकऱ्यांप्रमाणेच शीख यात्रेकरूही तेथे भक्तिभावाने येतात. कारण गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे समाविष्ट आहेत. त्यांपैकी एका पदात पतंग उडविणाऱ्या मुलाचा दृष्टान्त आहे. मुलगा कागद कापून पतंग करतो, तो आकाशात चढवितो, सोबत्यांशी गप्पाही मारतो. पण त्याचे चित्त असते हातातील दोरीवर. नामदेवांस त्या दृष्टान्तातून भक्तीचे मर्म सांगावयाचे होते. आम्ही मात्र त्या दोरीला धरून आज वेगळ्याच वाटेने जाणार आहोत.

मोठ्या पतंगास आपल्या मराठीत वावडी हा जुना शब्द आहे. गंमत अशी की, त्याच शब्दाने आपण अफवेलाही संबोधतो. गावात कोणाविषयी काही बोलले जाऊ लागले की ‘वावड्या उठल्या’ असे आपण म्हणतो. दोन्ही वस्तू वाऱ्यावर चढतात, दोन्ही खालून पाहणाऱ्यास मोहवितात. भेद इतकाच की, एकीला दोर असतो आणि दुसरीचा दोर कोणाच्या हाती आहे ते समजत नाही.

विमानविद्येच्या प्रारंभकाळातील विचित्र व निरुपयोगी यंत्रांचा इतिहास वाचताना हा भेद आम्हांस पदोपदी आठवला. त्या इतिहासात वावड्याही आहेत आणि वावडीही. राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे मुंबईच्या चौपाटीवर विमान उडाले होते, हे खरे काय, असा प्रश्न आपली मुले शाळेतून घरी येऊन विचारतात. उत्तर देणे नाजूक असते. ‘होय’ म्हणावे तर सत्याशी प्रतारणा होण्याची भीती, ‘नाही’ म्हणावे तर शेजाऱ्यांच्या अभिमानास धक्का लावल्याचा आरोप. म्हणून आम्ही असे ठरविले की, आधी आपल्या घरची वजने करावीत आणि मग त्याच तराजूत चौपाटीची गोष्ट घालावी. कारण उड्डाणाच्या आख्यायिका आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही काही थोड्या नाहीत.

अकराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील माम्झबरी येथील बेनेडिक्टाइन मठात एल्मर नावाचा एक तरुण मठवासी होता. त्याने हातांस व पायांस पंख बांधून मठाच्या मनोऱ्यावरून उडी घेतली. सुमारे दोनशे मीटर तो तरंगत गेला, मग वाऱ्याच्या झोताने आणि स्वतःच्या भीतीने घाबरून खाली कोसळला. दोन्ही पाय मोडले आणि तो जन्मभर लंगडत राहिला. ही हकिकत त्याच मठातील विल्यम या इतिहासकाराने सुमारे शंभर वर्षांनंतर लिहून ठेवली. अंतर त्याने थोडे वाढवून सांगितलेही असेल. परंतु त्याने नोंदविलेली एक गोष्ट बनावट वाटत नाही. एल्मर स्वतःच सांगत असे की, आपण मागे शेपूट लावावयास विसरलो, म्हणून पडलो. पाय मोडलेला माणूस दैवास बोल लावतो, वाऱ्यास लावतो. हा मठवासी आपल्या यंत्रातील उणीव सांगत होता. आणि ती उणीव खरीच होती. शेपटीवाचून असे यंत्र हवेत स्थिर राहणे किती कठीण, हे पुढे आठशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी सिद्ध केले. १८०४ साली इंग्लंडच्या सर जॉर्ज केली यांनी जे पहिले नमुना-विमान केले, ते म्हणजे एका काठीवर बसविलेला पतंग आणि मागे शेपूट, एवढेच होते.

दुसरे नाव येशूसंघीय फादर फ्रांचेस्को लाना यांचे. इटलीतील ब्रेशा या नगरीत १६३१ साली जन्मलेले हे विद्वान धर्मगुरू. अंधांना लिहितावाचता कसे यावे, मुक्यांना बोलावयास कसे शिकवावे, याचाही विचार त्यांनी ब्रेलच्या जन्माआधी दीडशे वर्षे केला होता. १६७० साली प्रसिद्ध केलेल्या ‘प्रोद्रोमो’ या ग्रंथात त्यांनी एका हवाई नौकेचा आराखडा दिला. नौकेस शीड आणि वर तांब्याच्या अतिशय पातळ पत्र्याचे चार प्रचंड पोकळ गोल. गोलांतील हवा काढून टाकली की ते बाहेरच्या हवेपेक्षा हलके होतील आणि नौकेस वर उचलतील, ही कल्पना. तत्त्व अगदी निर्दोष होते. हवेला वजन असते हे तेव्हा नुकतेच कळले होते आणि त्या ज्ञानातून उड्डाणाचा असा हिशेब मांडणारे लाना हे पहिल्या काही जणांपैकी होत. फक्त ज्या हवेचा त्यांनी आधार घेतला, तीच त्यांची वैरीण ठरली असती. एका चौरस मीटरवर हवेचा दाब सुमारे दहा टन असतो. तेवढा पातळ तांब्याचा गोल आतून रिकामा करताच पापडासारखा चुरडला गेला असता. लाना यांनी नौका कधी बांधली नाही. अकिंचनत्वाच्या व्रतामुळे आपणांजवळ त्यासाठी द्रव्य नाही, असे ते प्रांजळपणे लिहितात.

परंतु याच प्रकरणात त्यांनी पुढे जे लिहिले, ते वाचून आम्ही क्षणभर थबकलो. त्यांचे म्हणणे असे की, हे यंत्र यशस्वी होण्यात एकच मोठी अडचण दिसते, आणि ती म्हणजे परमेश्वर ते होऊ देणार नाही. कारण मग कोणतेही नगर सुरक्षित राहणार नाही, आकाशातून जहाजांवर, घरांवर, किल्ल्यांवर आग आणि गोळे टाकता येतील आणि टाकणाऱ्याला कोणी अडवू शकणार नाही. लाना यांचा पत्रा चुकला, भाकीत चुकले नाही. मात्र परमेश्वर ते होऊ देणार नाही, ही त्यांची श्रद्धा गेर्निका (१९३७) आणि हिरोशिमा (१९४५) यांनी फार कठोर कसोटीला लावली. जे यंत्र कधी बांधलेच गेले नाही, त्याच्या नैतिक परिणामांचा एवढा विचार करणारा दुसरा शोधक आम्हांस माहीत नाही.

आता तिसरे नाव, आणि येथे वावड्या सुरू होतात.

फादर बार्तोलोमेउ द गुस्मांव यांचा जन्म १६८५ साली ब्राझीलमधील सांतुस येथे झाला. १७०९ साली त्यांनी पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव यास अर्ज केला की, आपण हवेतून चालणारे एक साधन शोधले आहे, ते दिवसाला दोनशे लीगांहून अधिक अंतर कापील, सैन्यास निरोप नेईल, वेढ्यात सापडलेल्या गढ्यांस मदत पोहोचवील. राजाने १९ एप्रिल रोजी त्यांस या शोधाचा अधिकार दिला. ८ ऑगस्ट १७०९ रोजी लिस्बन येथे, ज्या ‘काझा द इंदिया’ म्हणजे भारतगृहातून गोवा-वसईच्या व्यापाराची आणि जहाजांची व्यवस्था चाले, त्याच्या दिवाणखान्यात राजाराणीसमोर प्रयोग झाला. आमच्या वसईकर वाचकांनी ध्यानी घ्यावे की, तेव्हा वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीज निशाण फडकत होते. ते उतरावयास अद्याप तीस वर्षे होती.

प्रयोगात उडाले काय? कागदाचा एक लहानसा गोळा. त्याच्या बुडाशी विस्तव. आधीच्या प्रयत्नात तो जळून गेला होता. या वेळी तो हळूहळू वर चढून छताला लागला. हजर असलेल्यांत पोपमहोदयांचे लिस्बनमधील राजदूत कार्डिनल कोंती होते; हेच पुढे १७२१ साली तेरावे इनोसंट या नावाने पोप झाले. त्यांनी या प्रयोगाची वार्ता लिहून पाठविली, आणि आज त्या घटनेवर आपण विश्वास ठेवतो तो मुख्यतः अशा समकालीन कागदांमुळे. गरम हवेने वस्तू वर जाते, हे माँगोल्फिये बंधूंच्या १७८३ च्या फुग्याआधी चौऱ्याहत्तर वर्षे एका धर्मगुरूने राजदरबारात दाखविले होते. एवढे श्रेय थोडे नव्हे.

पण लोकांस तेवढे पुरले नाही. युरोपभर एक चित्र छापून पसरले. पक्ष्याची मान आणि शेपूट असलेली नौका, वर शिडासारखे छत, लोहचुंबकाचे गोल, आत बसलेला धर्मगुरू. त्यास ‘पासारोला’ म्हणजे भला मोठा पक्षी असे नाव पडले. हे यंत्र उडणे सर्वथा अशक्य होते. चौकस लोकांची दिशाभूल व्हावी म्हणून गुस्मांव यांनी व त्यांच्या एका सरदारपुत्र शिष्याने ते मुद्दाम रचले असावे, असे काही अभ्यासक मानतात. पुढे तर असेही सांगितले जाऊ लागले की, गुस्मांव स्वतः लिस्बनच्या किल्ल्यावरून उडून नदीकाठच्या राजचौकात उतरले. यास समकालीन पुरावा नाही. कॅथलिक पुस्तकांतून ‘जगातील पहिला वैमानिक एक धर्मगुरू’ असे मथळे आम्ही वाचले आहेत आणि वाचताना आमचीही छाती किंचित फुगली होती, हे कबूल केले पाहिजे. परंतु कागदाचा गोळा आणि माणसासह उडणारी नौका या दोन गोष्टी एक नव्हेत. गुस्मांव यांच्या नावावर नौका चढविली की खरा गोळा झाकला जातो. शेवटी इन्क्विझिशनच्या भयाने त्यांस १७२४ साली स्पेनला पळून जावे लागले आणि त्याच वर्षी तोलेदो येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांची बाजू घ्यावयास कोणी मथळा लिहिला नव्हता.

घरचे वजन झाले. आता एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येऊ. कारण चौपाटीची गोष्ट १८९५ ची, आणि तेव्हा जगात इतरत्र काय चालले होते हे पाहिल्यावाचून ती समजावयाची नाही.

तो काळ उडण्याच्या वेडाने झपाटलेला होता. लंडनजवळ होरेशिओ फिलिप्स याने १८९३ साली एक यंत्र केले, त्यास पन्नास अरुंद पंख एकावर एक, खिडकीच्या झडपेच्या फळ्यांसारखे. पुढे १९०७ साली त्याने पंख दोनशेच्या घरात नेले आणि ते दीडशे मीटर उडालेही. मशीनगनचा जनक हायरम मॅक्सिम याने साडेतीन टनांचे वाफेचे यंत्र रुळांवर धाववले. ३१ जुलै १८९४ रोजी ते उचलले गेले आणि त्यास खाली धरणारा कठडा मोडून बसले. जर्मनीत ओटो लिलिएंथाल टेकडीवरून तरंगत होता आणि ऑगस्ट १८९६ मध्ये पडून मरण पावला. या वेडाची परंपरा पुढेही चालली. इटलीच्या काप्रोनीने शंभर उतारूंसाठी नऊ पंखांचे आणि आठ इंजिनांचे विमान बांधले. ४ मार्च १९२१ रोजी ते माज्जोरे सरोवरात कोसळले. वैमानिक सुदैवाने वाचला.

या सर्वांत आमच्या विषयाच्या दृष्टीने दोन माणसे महत्त्वाची. फ्रान्सचा क्लेमां आदेर आणि अमेरिकेचा सॅम्युअल लँग्ली.

आदेरचे वाफेचे, वटवाघळाच्या पंखांचे यंत्र ९ ऑक्टोबर १८९० रोजी सुमारे पन्नास मीटर सरकले, जमिनीपासून वीतभर उंच. त्याचे पुढचे यंत्र १८९७ मध्ये सैन्याधिकाऱ्यांसमोर आणले गेले. ते वाऱ्याने वाटेबाहेर फेकले गेले आणि मोडले. नऊ वर्षांनी, इतर लोक उडू लागल्यावर, आदेरने जाहीर केले की त्या दिवशी आपण तीनशे मीटर उडालो होतो. फ्रान्सला हे ऐकून आनंद झाला. परंतु सेनेचा गुप्त अहवाल १९१० साली प्रसिद्ध झाला आणि त्यात तसे उड्डाण झाल्याचे कोठेही नव्हते. लँग्लीची गोष्ट उलट आहे. ६ मे १८९६ रोजी त्याचे माणसाविना चालणारे नमुना-विमान पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले, आणि काठावर उभ्या असलेल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी त्याचे छायाचित्र घेतले. म्हणून त्यास आज कोणी आव्हान देत नाही. पण त्याचे माणसासह उडावयाचे यंत्र १९०३ मध्ये दोनदा नदीत पडले, शेवटची खेप राइट बंधूंच्या यशाच्या फक्त नऊ दिवस आधी. तो ज्या स्मिथ्सोनियन संस्थेचा प्रमुख होता, ती संस्था मात्र लँग्लीचे यंत्र उडण्यास समर्थ होते असे वर्षानुवर्षे सांगत राहिली. रागावून ऑर्व्हिल राइटने आपले विमान १९२८ साली लंडनला पाठवून दिले. संस्थेने १९४२ साली आपले म्हणणे मागे घेतले, तेव्हा कोठे ते विमान १९४८ साली मायदेशी परतले. राष्ट्राभिमानाने इतिहास वाकविण्याचा रोग आपल्याच देशास आहे असे नाही, एवढे यावरून दिसते.

आता चौपाटी. शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४ साली मुंबईत, चिराबाजारच्या पाठारे प्रभू कुटुंबात झाला. सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत ते शिकले आणि तेथेच शिकवू लागले. संस्कृतचे त्यांस चांगले ज्ञान होते. त्यांच्या घराजवळच, गिरगावात, १८७५ साली आर्य समाजाची स्थापना झाली होती. दयानंद सरस्वतींच्या ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिका’ या ग्रंथातील नौका व विमाने यांविषयीच्या प्रकरणाने तळपदे यांस झपाटले. वेदांतील विमान पुन्हा उभारावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. यंत्रास नाव दिले ‘मरुत्सखा’, वाऱ्याचा मित्र. नाव इतके सुंदर आहे की, ज्याला ते सुचले त्याच्याविषयी आपुलकी वाटावी. ‘प्राचीन विमानकलेचा शोध’ हे मराठी पुस्तकही त्यांनी लिहिले.

येथवर आपण भक्कम भूमीवर आहोत. पुढची कथा अशी सांगितली जाते की, १८९५ साली चौपाटीवर न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव गायकवाड यांच्या समक्ष हे माणसाविना चालणारे यंत्र दीड हजार फूट उंच गेले आणि खाली पडले, व त्याचे वृत्त ‘केसरी’त आले. ही कथा आम्ही अनेक ठिकाणी वाचली. परंतु तो अंक, त्याची तारीख, त्यातील मजकूर कोणी पुढे ठेवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. रानड्यांसारखा चौकस न्यायाधीश आणि बडोद्यासारखे कागदपत्रे जपणारे संस्थान साक्षीस असताना असे व्हावे, हे नवल आहे. कोणी सांगतो पाऱ्याच्या शक्तीने उडाले, कोणी सांगतो दोनशे फूटच गेले. दरवेळी सांगताना आकडे बदलतात, ही वावडीची खूण होय.

पाऱ्याची गोष्ट ज्या ‘वैमानिकशास्त्र’ ग्रंथाशी जोडली जाते, त्याचीही कुळकथा ध्यानी घेतली पाहिजे. भरद्वाज ऋषींच्या नावे असलेला हा ग्रंथ कर्नाटकातील आनेकल येथील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला, त्यातील आकृत्या बंगलोर येथे एका आरेखकाने काढल्या. तळपदे तत्पूर्वीच निवर्तले होते. १९७४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी या ग्रंथाची चिकित्सा केली. रुक्म, सुंदर, त्रिपुर, शकुन अशी चार विमाने त्यात वर्णिलेली आहेत. त्यांपैकी एकातही उडण्याची क्षमता नाही आणि ग्रंथाची भाषा आधुनिक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच लेखात शास्त्रीजींच्या घरच्या माणसांकडून मिळालेली एक माहितीही आहे. तळपदे यांनी शास्त्रीजींच्या मार्गदर्शनाखाली नमुने करून पाहिले, परंतु त्यांतील एकही उडू शकला नाही.

‘एकही उडू शकला नाही.’ आम्हांस हे वाक्य तळपदे यांचा अपमान करणारे वाटत नाही. एक चित्रकलेचा शिक्षक, वाफेचे इंजिन नाही, कारखाना नाही, पाठीशी सरकार नाही, आणि तरी तो नमुन्यामागून नमुना करीत राहतो, ही एल्मरच्या जातीची गोष्ट आहे. मॅक्सिमजवळ पैशाचे डोंगर होते, आदेरच्या मागे फ्रान्सचे युद्धखाते होते. त्यांचीही यंत्रे उडाली नाहीत. २०१५ साली मुंबईतील विज्ञान परिषदेत प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला, त्याच वर्षी ‘हवाईजादा’ हा चित्रपट आला आणि तळपद्यांचे नाव पुन्हा गाजले. पण त्या गाजावाजात, त्यांनी काय बांधले, कशाने बांधले, कोठे चुकले, हे विचारणारे फार थोडे निघाले. ज्याच्या नावावर खोटे यश जमा होते, त्याचे खरे श्रम कोणी मोजत नाही. गुस्मांव यांच्या बाबतीत आपण कॅथलिकांनी जे केले, तेच येथेही झाले आहे.

पुरावा कसा असतो, हे पाहावयाचे तर अलाहाबादला जावे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी तेथील प्रदर्शनाच्या मैदानावरून आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने सुमारे साडेसहा हजार पत्रे घेऊन यमुनेपलीकडे नैनीपर्यंत उड्डाण केले. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, वेळ तेरा मिनिटे. त्या पत्रांवरील जादा आकार तेथील होली ट्रिनिटी या अँग्लिकन चर्चच्या विद्यार्थी वसतिगृहासाठी होता. धर्मगुरू आणि विमान यांची ही आणखी एक गाठ! त्या दिवसाचा खास शिक्का मारलेली पाकिटे आजही संग्राहकांकडे आहेत. शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी ते उड्डाण झाले की नाही असा प्रश्न कोणी काढीत नाही.

चौपाटीचे एखादे पाकीट कोठे पडले असेल का? चिराबाजारला लागूनच कावेल आहे, जवळच खोताची वाडी आहे. १८९५ साली तेथे कॅथलिक कुटुंबांची दाट वस्ती होती. तळपदे कुटुंब त्यांचे शेजारीच म्हणावयाचे. त्या कुटुंबांतील पुष्कळ मंडळी पुढे उपनगरांत गेली आणि त्यांच्या पेट्या, बायबलच्या पुठ्ठ्यात ठेवलेली पत्रे, बाप्तिस्म्याच्या दाखल्यांबरोबर बांधलेल्या हिशेबाच्या वह्याही त्यांच्याबरोबर गेल्या. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या आजोबा-पणजोबांनी चौपाटीवर तळपदे मास्तरांचे यंत्र पाहिल्याची एक ओळ जरी लिहिली असेल, तरी ती या त्रैमासिकाच्या संपादकांस कळवावी. ते उडाले नाही, असे लिहिले असेल, तर तेही कळवावे. मूळ कागद टपालाने पाठवू नयेत. त्याची प्रत पुरेल.